उजव्या नळीवरचं झाकण

टेबलावर तीन दुर्बिणी मांडल्या होत्या, म्हणून सुगंधाने जेवणासाठी खाली सतरंजी घातली. राऊळांच्या घरात नवी वस्तू आली की तिला टेबल-खुर्ची मिळते आणि माणसं जमिनीवर येतात. टीव्ही आला तेव्हा हेच झालं होतं, मिक्सर आला तेव्हाही. फरक इतकाच की टीव्ही आणि मिक्सर कुणाला घाबरून घेतले नव्हते.

"आई, भिंगाला हात नको लावूस," सुयोग म्हणाला.

"मी कित्या लावू? माझ्या हाताक कोळंबीचो वास आसा. डुकरां पळतली वासान."

सुयोग हसला. धाकटा मुलगा, त्यामुळे आईच्या बोलण्यावर हसायचं काम लहानपणापासून त्याच्याकडे होतं. राग धरायचं काम थोरल्या सर्वेशकडे. बोरिवलीहून मुलुंडला येताना सुयोगने वाटेत पक्षी बघणाऱ्या एका मित्राची दुर्बीण उचलली होती. दुसरी ऑनलाइन मागवलेली, नाही आवडली तर परत जाणारी. तिसरी दुकानदाराने ओळखीवर दोन दिवसांसाठी दिलेली. गेला महिनाभर तो झोपताना दुर्बिणींचे व्हिडिओ बघत होता, हे त्याची बायको श्वेता सगळ्यांना सांगत होती. तक्रार केल्यासारखं, पण ऐकणाऱ्याने कौतुक करावं अशा बेताने.

"ही आठ बाय बेचाळीस," सुयोग सांगू लागला. "ही दहा बाय बेचाळीस आणि ही धिप्पाड आहे ती दहा बाय पन्नास. पहिला आकडा म्हणजे किती पट जवळ दिसणार. दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाची रुंदी. भिंग रुंद, तर उजेड जास्त. कातरवेळी तोच कामाचा."

"मग पन्नासवाली घे ना. विषय संपला," सर्वेश म्हणाला.

"तसं नसतं रे. ती गळ्यात घालून तासभर बसलास तर मान मोडेल. आणि दहा पट जवळ म्हणजे हातही दहा पट हलल्यासारखा दिसतो."

"बाबांचा हात हलत नाही."

हाताबद्दल कुणालाच शंका नव्हती.

बाबा, म्हणजे सहदेव, खिडकीपाशी खुर्चीत बसून पेपर वाचत होते. गिरणीत साचे, म्हणजे माग, सांभाळलेला माणूस, गिरण्या गेल्यावर भांडुपच्या कारखान्यात लेथवर उभा राहिलेला. दुर्बीण आपल्यासाठी येते आहे हे त्यांना माहीत होतं. मागितली आपण नाही, हेही त्यांना सर्वांना जाणवून द्यायचं होतं. म्हणून पेपर.

मागच्या शिमग्याबद्दल बोलायचं नाही, असं कुणी न ठरवता ठरलं होतं.

गावी शिमगा उतरला की वायंगणी, म्हणजे उन्हाळी, भुईमुगात डुकरं घुसतात. वनखात्याची परवानगी काढून सगळी वाडी पारधीला निघते. हाकारे खालच्या अंगाने डबे बडवत रान उठवत येतात आणि वर बांधावर बंदूकवाले बसतात. पहिली गोळी राऊळांच्या थोरल्या घराची. ती सुटल्याशिवाय दुसऱ्याने चाप ओढायचा नाही. हा झाला मान. पण जुन्या लोकांनी मान देताना त्याच्या गळ्यात दोरीही बांधून ठेवली होती: ज्याची पहिली गोळी, त्याचा थोरला मुलगा हाकाऱ्यांच्या मधोमध चालणार. बाप वर, मुलगा खाली. स्वतःचं रक्त समोर असलं की माणूस सावज नीट ओळखून मगच गोळी सोडतो, असा त्यांचा हिशेब. पिढ्यान्पिढ्या तो चुकला नव्हता.

मागच्या वर्षी चुकला. सहदेवांची गोळी सर्वेशच्या शेजारी चालणाऱ्या चैतन्यच्या डोक्यावर काजूच्या फांदीत घुसली. चैतन्य हा सहदेवांच्या चुलतभावाचा, मधुकरचा, एकुलता एक. बोंडं त्याच्या अंगावर पडली आणि लोक हसले. हसण्याखेरीज त्या क्षणी दुसरं काय करायचं हे कुणाला सुचलं नाही. मग उजेड कमी होता असं ठरलं. मग फांदीच हलली असं ठरलं. मुंबईला परतेपर्यंत गोष्ट इतकी लहान झाली होती की ती एका दुर्बिणीने मिटेल असं सुयोगला वाटू लागलं. बाबांना आधी नीट दिसू दे, मग गोळी.

घरात फक्त मानसीला, सर्वेशच्या बायकोला, ती गोष्ट लहान करता आली नव्हती. नवरा विम्याच्या कचेरीत. दिवसभर लोकांचे धोके मोजून देतो आणि स्वतःचा मोजायची वेळ आली की त्याला गावचा मान आठवतो.

"या वर्षी हाकाऱ्यांत सर्वेशच्या जागी सुयोग भावोजी गेले तर?" पानं वाढता वाढता तिने विचारलं. सहज, मीठ घेऊ का विचारावं तसं.

श्वेताच्या हातातला चमचा भातात रुतला. इतका वेळ ती दुर्बीण-पक्षाची होती. "अगं पण थोरलाच लागतो ना? म्हणजे तशी पद्धतच आहे, असं तूच मला सांगितलंयस."

"पद्धत बदलते गं. पूर्वी दुर्बीण तरी कुठे होती?"

"सुयोगच्या गुडघ्याचं तुला माहीत आहे," श्वेता म्हणाली. सुयोगच्या गुडघ्याला काय झालंय हे सुयोगलाही माहीत नव्हतं, पण त्याने पाय जरा आखडून घेतला.

"काय चाललंय तुमचं?" सर्वेश म्हणाला. "मी जाणार. दरवर्षी जातो. बाबा वर असतात."

"म्हणूनच विचारते," मानसी म्हणाली. पण इतक्या हळू, की ते आमटीच्या वाफेत गेलं.

सुगंधाने नवऱ्याचं पान वाढलं. आमटीची वाटी डावीकडे ठेवली, भाजी डावीकडे, पाण्याचा तांब्याही डावीकडे. मीठ आणि लिंबू उजवीकडे. मानसीने ते पाहिलं आणि नेहमीप्रमाणे सोडून दिलं. वर्षभर हे असंच चाललं होतं. आईंना वयामुळे पानाचं डावं-उजवं कळेनासं झालंय, असा तिने निष्कर्ष काढला होता आणि तो मोठ्या मनाने कुणाला सांगितला नव्हता. सासूच्या नावावर जमा करण्यासारख्या गोष्टी थोड्या, म्हणून ही आपल्या औदार्याच्या खात्यात तिने मांडून ठेवली होती.

तेवढ्यात बेल वाजली आणि भांडुपचे मधुकर आले. गळ्यात कातडी पिशवी.

"वयनी, कोळंबी आसा मा? जिन्यातच समजला माका."

"येवा. पान वाढतंय. चैतन्य खय?"

"कामाक गेलो."

"रविवारी?"

"त्येंका खयचो रविवार," मधुकर म्हणाले आणि पिशवीतून आपली दुर्बीण काढून टेबलावरच्या तिघींच्या शेजारी ठेवली. काळा रंग उडून पितळ दिसत होतं. चोरबाजारातून घेतलेली, पण बोटीवरच्या कप्तानाची म्हणून ते सांगत आणि दरवेळी कप्तानाचा देश बदलत असे. "तुमच्या ह्या पोरींका म्हातारी सासू आणलंय."

"काका, तिच्यात बुरशी आहे आतून," सुयोग म्हणाला.

"माझ्यातय आसा. तरी चलतंय."

सहदेवांनी पेपर खाली ठेवला. चुलतभावांत वय मागेपुढे फारसं नव्हतं, पण थोरलं घर सहदेवांचं. मधुकरने आयुष्यभर दुसरी गोळी मारली होती. दुसरी गोळी बहुधा वाया जाते, कारण पहिल्या आवाजाने डुक्कर दिशा बदलतं. हे मधुकर कधी बोलून दाखवत नसत. बोलून दाखवत नसत, म्हणूनच सगळ्यांना ठाऊक होतं.

"दादा, तुका खयची आवडली?" जेवताना मधुकरने विचारलं.

"मी अजून बघूक नाय."

"बघ. नीट बघ हां. यंदा नीट बघूक होया."

"नीट" हा शब्द त्यांनी दोनदा वापरला. सुगंधाने दोन्हीदा मान वर केली.

ऊन कलल्यावर सगळे गच्चीवर गेले. मुलुंड पश्चिमेच्या त्या जुन्या सोसायटीच्या गच्चीवरून पूर्वी येऊरचा अख्खा डोंगर दिसत असे. आता दोन टॉवरच्या फटीतून जेवढा येतो तेवढा. पण झाडं होती, सावल्या होत्या. रान बघायची सवय असलेल्याला तेवढं पुरे होतं.

आठवालीवर एकमत होत आलं. वजन हलकं, चित्र स्थिर, चष्म्यासकट डोळा लावता येतो. पन्नासवाली सर्वेशने गळ्यात घालून बघितली आणि दहा मिनिटांत मान चोळत काढली. श्वेताने समोरच्या इमारतीतल्या एका बाईच्या साड्या वाळताना पाहून त्यातली एक आपल्याकडे असल्याचं सांगितलं. मधुकरने सुयोगची दुर्बीण लावून "झकास" म्हटलं आणि लगेच आपली लावून "हिच्यातसून डोंगर जुनो दिसता" असंही म्हटलं.

"आता बाबा," सुयोग म्हणाला. "एक मिनिट. आधी डोळ्याला बसवून घेऊ. प्रत्येकाचे दोन डोळे वेगळे असतात ना. उजव्या नळीला झाकण लावायचं, डाव्या डोळ्याने बघत हे मधलं चाक फिरवून चित्र साफ करायचं. मग झाकण डावीकडे आणि उजव्या डोळ्याने बघत ही उजवीकडची कडी फिरवायची. एकदा बसली की बसली."

त्याने उजव्या नळीवर झाकण दाबलं आणि दुर्बीण वडिलांच्या हातात दिली. इतक्यात त्याचा फोन वाजला. दुकानदार होता. उद्या संध्याकाळऐवजी आज रात्रीच माल परत हवा म्हणत होता. सुयोग बोलत बोलत पाण्याच्या टाकीमागे गेला.

सहदेवांनी दुर्बीण डोळ्यांना लावली. पाय किंचित फाकलेले, कोपर बरगडीशी. बंदूक धरायची सवय अंगात होती. चाक फिरवलं, थांबवलं. बराच वेळ बघत राहिले.

"बाबा, कसं दिसतंय?" सर्वेशने विचारलं.

"झकास. त्या उंबरावर माकडां आसत. एकाच्या पोटाक पोर आसा." त्यांनी दुर्बीण खाली घेतली, पुन्हा लावली. "दोनी डोळ्यांनी कसा भरान दिसता. हीच घेवया."

सर्वेश खूश झाला. मधुकर डोंगराकडे बघत होते. श्वेता कठड्याला टेकून फोटो काढत होती.

मानसी सासऱ्यांच्या अगदी समोर उभी होती. काळ्या नळ्यांपैकी एकीत आभाळाचा निळा तुकडा चमकत होता. दुसरीवर काळं झाकण होतं.

मगाशी तिच्या पाळीला सुयोगने असंच झाकण लावून दिलं तेव्हा तिने स्वतः बघून पाहिलं होतं. अर्धं चित्र आणि अर्धा काळोख एकमेकांत मिसळतात. डोळा लगेच तक्रार करतो, माणूस दुर्बीण काढून झाकण शोधतो. बाबांनी शोधलं नव्हतं. त्यांच्या डोळ्याला तक्रार करायला काही उरलंच नव्हतं.

उजवा डोळा. बंदुकीचा डोळा.

मग तिला पान आठवलं. डावीकडची आमटी, डावीकडची भाजी, डावीकडचा तांब्या. एवढंच नाही. रस्त्यात आई त्यांच्या उजव्या बाजूने चालत, खरेदीच्या पिशव्या असल्या तरी. दाराच्या उजव्या चौकटीवर बाबांचा खांदा आपटला की आई चौकटीला दोष देत. वर्षभर तिने जे सासूच्या विसराळूपणात धरलं होतं, ते सगळं एका झटक्यात दुसऱ्याच माणसाच्या नावावर गेलं.

"बघू रे दादा, माका दी," मधुकरने हात पुढे केला.

सहदेवांनी दुर्बीण गळ्यातून काढली. ती मधुकरच्या हातात पोचण्याआधी मानसी मध्ये आली. "थांबा काका, भिंगावर धूळ बसलीय," म्हणत तिने पदराने पुसण्याचं निमित्त केलं आणि झाकण मुठीत घेतलं. का केलं, हे तिला तेव्हा कळलं नाही. मधुकरसमोर थोरल्या घराची लाज जाऊ नये म्हणून, असं मागाहून तिने स्वतःला सांगितलं. पण तेही पूर्ण खरं नव्हतं. कुणाला काही कळायच्या आत तिला विचार करायला थोडी जागा हवी होती.

मधुकरने दुर्बीण लावली. डोंगर बघितला, मग ती हळूच खाली आणून क्षणभर सहदेवांकडेच बघितलं. भिंगातून नाही, नुसत्या डोळ्यांनी.

"बरी आसा," ते म्हणाले. "चलतंय मी. पाव्हणे येवचे आसत घराक."

जिन्यात ते सर्वेशला म्हणाले, "शिट्टी घेवन जा हां यंदा. मोठी." सर्वेश हसला.

मानसी स्वयंपाकघरात आली तेव्हा सुगंधा कोळंबीची टरफलं पिशवीत बांधत होती. मानसीने मूठ उघडून झाकण ओट्यावर ठेवलं.

"हे उजव्या नळीवर होतं. बाबा म्हणाले, दोन्ही डोळ्यांनी भरून दिसतं."

सुगंधाने झाकणाकडे बघितलं. पिशवीला गाठ मारली. मग आणखी एक.

"कधीपासून?" मानसीने विचारलं.

"डोळो बारीक बारीक जाईत होतो. मगे एक दिवस गेलोच. काचबिंदू. डॉक्टर म्हणालो, नस सुकली. गेलो तो येवचो नाय, रवलो तो सांभाळा."

"मागच्या शिमग्याच्या आधी?"

सुगंधाने होकारार्थी मान हलवली.

"आई, सर्वेश खाली होता."

"माका काय म्हायत नाय तो खाली होतो ता?" सुगंधाचा आवाज चढला आणि लगेच उतरला, कारण बाहेर श्वेता होती. "मी परवानगी येव नये म्हणान देवाक नारळ ठेवलंय. दर वर्सा ठेवतंय. गेल्या वर्सा इली. यंदाय इली. मगे दुर्बिणीचा निघाला. मी म्हटलंय, बरा झाला. एका डोळ्यान तरी लांबचा दिसात."

"म्हणजे तुम्ही नवऱ्याला सांभाळलंत."

"मगे कोणाक सांभाळू? त्यांनी माका शपथ घातली. गिरण गेली, भांडुपची खोली गेली, गावची जमीन भाऊबंदांत गेली. काय उरला तेंच्याकडे? एक गोळी. वर्साक एक. ती मी कशी घेव?"

मानसी ओट्याला टेकली. वीस वर्षांत सासूशी ती इतकं बोलली नव्हती. तिच्या मनातल्या वहीत सुगंधाच्या पानावर खर्चाच्या बाजूला बरंच काही होतं. गौरीच्या वेळी श्वेताची बाजू घेतलेली, डोहाळजेवणात हिरव्या साडीऐवजी दिलेली पिवळी. आता त्या पानावर नवं काही लिहायचं तर कुठल्या बाजूला, हे तिला ठरवता येईना.

"तुम्ही नाही घेऊ शकत," ती म्हणाली. "मी घेते. मला कुणी शपथ घातलेली नाही."

सुगंधाने तिच्याकडे पाहिलं. मग ओट्यावरचं झाकण उचललं, साडीच्या पदराला पुसलं आणि सुनेच्या हातात दिलं.

"सगळ्यांसमोर नको," ती म्हणाली.

"नाही."

"आणि त्या श्वेताक बाजारात धाड. तिच्या पोटात काय रवना नाय."

श्वेता सुयोगसोबत दुर्बिणी परत करायला गेली. ऑनलाइन मागवलेली आठवाली तेवढी ठेवली होती. मानसीने सर्वेशला समोरच्या विंगच्या गच्चीवर जायला सांगितलं.

"कशाला?"

"बाबांना माणसावर नजर बसवून बघायचीय. माकडं झाली बघून."

"अगं पण मीच का? वॉचमनला सांग ना."

"तूच लागतोस," ती म्हणाली. "पद्धत आहे."

त्याला विनोद वाटला आणि तो गेला.

सहदेव गच्चीवर एकटेच होते. उजेड मवाळ झाला होता. हीच वेळ. डुकरं हीच वेळ धरून बाहेर पडतात. सून वर आलेली त्यांना आधी दिसली नाही, कारण ती उजवीकडून आली. बांगड्या ऐकू आल्या.

"बाबा, सुयोग भावोजींचं अर्धंच राहिलं मगाशी. दुसरा डोळा बसवायचा होता."

"झाला ता. माका समजला."

"एकदाच. मग भरून ठेवते."

त्यांनी तिच्याकडे मान वळवली, जरा जास्तच वळवली, म्हणजे ती पूर्ण दिसली. तिच्या हातात झाकण होतं. सहदेव मशीनवर जन्म घालवलेला माणूस. कुठला भाग कशासाठी असतो हे त्यांना सांगावं लागत नसे. मगाशी ते झाकण कुठे असणार आणि कुणी काढलं असणार, हे त्यांच्या लक्षात आलं. मधुकरने हात पुढे केला तेव्हा ही पोर मध्ये का आली, तेही.

त्यांनी दुर्बीण डोळ्यांना लावली. मानसीने डाव्या नळीवर झाकण दाबलं.

खालून कुणाच्या तरी कुकरची शिट्टी आली. समोरच्या गच्चीवर कबुतरं उडून परत बसली.

"काय दिसतं, बाबा?"

त्यांनी उजवीकडची कडी फिरवली. एका टोकापर्यंत, मग दुसऱ्या टोकापर्यंत. लेथवर सुताचं माप धरताना फिरवायचे तशी, दमाने. कडीचा काही दोष नव्हता.

"काळोख," ते म्हणाले.

"समोर कुणीतरी उभं आहे."

"कोण?"

"तुमचा मुलगा."

सहदेवांची कोपरं बरगडीपासून सुटली. दुर्बीण मात्र त्यांनी लगेच काढली नाही. तोंड झाकायला ती बरी होती. मानसी दुसरीकडे बघत उभी राहिली. हे त्यांना तिचं सगळ्यात मोठं देणं वाटलं आणि तिला ते कधी कळलं नाही.

"गेल्या वर्सा," दुर्बिणीआडूनच ते म्हणाले, "माका डुक्करच दिसलेला. खरा सांगतंय. झाडाक पाय होते त्या."

"हो."

"चैतन्याची कापडां तपकिरी होती."

"हो, बाबा."

"फोन लाव मधुकराक."

तिने त्यांच्याच फोनवरून लावला आणि त्यांच्या डाव्या कानाशी दिला. पलीकडे टीव्ही चालू होता, मग बंद झाला.

"मधू. यंदाची पयली गोळी तुझी."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ज्या गोष्टीची माणूस चाळीस वर्षं वाट बघतो, ती आली की घ्यायला हात कुठला पुढे करायचा तेच सुचत नाही, तसं झालं असावं.

"दुर्बिणीत काय झाला काय?" मधुकरने शेवटी विचारलं.

"दुर्बीण बरी आसा. माझो उजवो गेलो. लय दिस झाले."

"हं."

"तुका म्हायत होता?"

"माका काय म्हायत असतला," मधुकर म्हणाले. "पण दादा, चैतन्याक मी यंदा धाडणार नव्हतंय. कामाचा निमित्त सांगणार होतंय. तुका आज बघूक इलेलंय, कसा दिसता तुका ता. धीर होयत नव्हतो."

सहदेव कठड्याला टेकले. म्हणजे सगळ्यांनी आपापलं माणूस गुपचूप मागे घेतलं होतं. मधुकरने चैतन्यला, श्वेताने सुयोगला. रानात मधोमध एकटा सर्वेश उरला होता, कारण त्याचा बाप वर होता.

"गोळी तुझी, म्हणजे मदी चैतन्य चलूक होयो," ते म्हणाले. "पद्धत आसा."

"आसा."

"मगे?"

"आता धाडतंय," मधुकर म्हणाले.

"मी तुझ्या बाजूक बसान. दुर्बीण घेवन. एक डोळो आसा माका. मी हां म्हटल्याशिवाय चाप ओढूचो नाय."

"आयुष्यभर तुझीच वाट बघितलंय मेल्या," मधुकर म्हणाले, "आजून थोडी," आणि फोन ठेवला. ते हसत होते की काय करत होते, ते मानसीला ऐकू आलं नाही.

तिचा स्वतःचा फोन वाजला. समोरच्या गच्चीवरून सर्वेश.

"अगं झालं का? डास फोडतायत मला. उतरू का खाली?"

"थांब एक मिनिट," ती म्हणाली.

तिने डाव्या नळीवरचं झाकण काढलं. सहदेवांनी दुर्बीण पुन्हा डोळ्यांशी नेली, मधलं चाक पुढे-मागे केलं, कबुतरांवरून, टाकीवरून, डिश अँटेनांवरून सरकत सरकत एका जागी थांबले. यावेळी त्यांनी लगेच काही सांगितलं नाही. मान खाजवणारा माणूस पूर्ण ओळखीचा होईपर्यंत थांबले. कपाळ, मिशी, शर्टाचं वरचं तुटलेलं बटण.

"दिसता," ते म्हणाले. "हात हलयता हा. उतर म्हणान सांग तेका खाली."